एक कोटी एकर वाळवंट सौर कंपन्यांना? नाही

कॅलिफोर्नियातली एक कोटी एकर सरकारी वाळवंटी जमीन सौर कंपन्यांना आंदण दिली, असा मेसेज फिरतोय. आकडा कुठून आला ते कळतं. अर्थ मात्र साफ चुकलाय. अमेरिकेच्या भूव्यवस्थापन विभागाने २०१६ साली मंजूर केलेला आराखडा सुमारे १ कोटी ८ लाख एकरांचा आहे खरा, पण सौर, पवन आणि भूऔष्णिक प्रकल्पांसाठी त्यात राखलेत जेमतेम ३ लाख ८८ हजार एकर. तेही आंदण नव्हे, प्रत्येक प्रकल्पाची छाननी वेगळी. सुमारे ६५ लाख एकर संवर्धनासाठी आहेत. आणि गंमत म्हणजे, जागा कमी दिली म्हणून सौर कंपन्याच कुरकुरत होत्या.