खुलासा : ‘चायनीज हॅट’ चीनची नाही

‘चायनीज हॅट हे चिनी झुडूप, बागेतून उपटून टाका’ असा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. कृपया कुणीही उपटू नका. होल्मस्किओल्डिया सँग्विनिया हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि त्याचं मूळ घर हिमालयाच्या पायथ्यापासून म्यानमारपर्यंत. ‘चायनीज’ आलं ते टोपीसारख्या आकारावरून. 1791 साली दिलेलं वंशनाम होल्मस्किओल्ड या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ आहे. कूळ तर आपल्या तुळस-पुदिन्याचं! पूर्वी ते वेगळ्या कुळात धरत, एवढंच.

संदेशातलं ‘फुलं महिनाभर टिकतात’ हेही अर्धंच खरं. ती केशरी-तांबडी थाळी म्हणजे फुलाखालचा निदलपुंज (फुलाचं बाहेरचं आवरण). तो बरेच दिवस राहतो. खरं फूल त्यातून डोकावणारी बारीक वाकडी नळी. ती लवकर गळते, पण तिच्यातल्या मधासाठी शिंजीर पक्षी येतातच.

आणि त्याच संदेशातला ‘दिवाळीनंतर कडक छाटणी करा’ हा सल्ला सगळ्यात घातक. बहर हिवाळ्यात, फांद्यांच्या शेंड्यांकडे येतो. तेव्हा कात्री लावली की वर्षाचा बहरच गेला. बहर ओसरल्यावर छाटा, भरपूर ऊन द्या. पावसाळ्याच्या तोंडाशी पक्व फांद्यांचे तुकडे लावून पाहा, ते सहज रुजतात.