लहान गावांच्या टीम कोणी पळवल्या? मूस जॉच्या काकांना उत्तर

काका,

वयाने मोठा आहे असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून हक्काने काका म्हणते. तुमची प्रतिक्रिया एवढी सविस्तर आहे की तिच्याखाली दोन ओळी खरडून मोकळं होणं बरं दिसलं नसतं. म्हणून ही वेगळी पोस्ट.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कॅनडातल्या कॅल्गरी हिटमेन या ज्युनियर (म्हणजे सोळा ते वीस वयाच्या मुलांच्या) आइस हॉकी टीमवर मी लिहिलं होतं. एनएचएलची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगची, टीम असलेल्या शहरात ज्युनियर टीम आली तर बिघडत काही नाही, उलट आमच्यासारख्या मागाहून आलेल्या कुटुंबांना हा खेळ जवळून बघायला मिळतो, असा एकूण सूर होता. त्यावर सास्कॅचेवान प्रांतातल्या मूस जॉ या गावाहून काकांनी मला तीन गोष्टी सुनावल्या आहेत. पोट भरलेलं असूनही मोठी शहरं लहान गावांच्या तोंडचा घास काढतात, ही पहिली. एनएचएलच्या मालकाला ज्युनियर टीम हवी असते ती स्टेडियमच्या रिकाम्या तारखा भरायला, ही दुसरी. आणि सोळा वर्षांच्या पोरांच्या जिवावर चाललेल्या धंद्याचं मी ‘सहकुटुंब संध्याकाळ’ म्हणून कौतुक केलं, ही तिसरी.

घासापासूनच सुरुवात करते, कारण तिथे तुमचं मला अजिबात पटलेलं नाही.

तुमचे मूस जॉ वॉरियर्स मुळात मूस जॉचे नाहीत. ते विनिपेगचे. १९८० ते १९८४ ही टीम विनिपेग वॉरियर्स म्हणून खेळली आणि त्याच शहरात तेव्हा जेट्स एनएचएलमध्ये खेळत होते. तिथे निभाव लागेना, म्हणून टीम तुमच्याकडे आली. २०२४ मध्ये वॉरियर्सनी वेस्टर्न हॉकी लीग (पश्चिमेकडच्या या ज्युनियर टीमची लीग) पहिल्यांदा जिंकली तेव्हा तुमच्या गावात जो जल्लोष झाला, त्याची मुळं एनएचएलवाल्या शहरातल्या फसलेल्या प्रयोगात आहेत.

लेथब्रिजचं तेच. हरिकेन्स म्हणजे आमचे जुने कॅल्गरी रँगलर्स. १९७७ मध्ये ते इथे आले, १९८० मध्ये अटलांटाहून फ्लेम्स ही एनएचएलची टीम आली आणि १९८७ मध्ये रँगलर्सनी गाशा गुंडाळून लेथब्रिज गाठलं. (ज्या टीमचा फ्लेम्सपुढे टिकाव लागला नाही, तिचंच नाव फ्लेम्सनी २०२२ मध्ये आपल्या एएचएल (एनएचएलच्या खालची व्यावसायिक लीग) टीमला दिलं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.) एडमंटनचे मूळचे ऑइल किंग्ज, ज्यांनी १९६३ आणि १९६६ चा मेमोरियल कप, म्हणजे कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतलं सर्वोच्च पद, जिंकला, ते व्यावसायिक ऑइलर्स शहरात आल्यावर चार वर्षांतच, १९७६ मध्ये, पोर्टलंडला गेले. म्हणजे पश्चिम कॅनडात पन्नासेक वर्षं घास जातोय तो बहुतेक वेळा मोठ्या शहराकडून बाहेरच्या गावांकडे. तुम्ही लिहिलंत त्याच्या नेमका उलटा.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण दोनदा तुम्ही म्हणता तसंच झालं. फ्लिन फ्लॉन हे मॅनिटोबाच्या हद्दीवरचं खाणकामगारांचं गाव, एनएचएल गाजवलेल्या बॉबी क्लार्कचं गाव. तिथली बॉम्बर्स ही टीम १९७८ मध्ये एडमंटनला नेली. तिने तिथे कसाबसा एक हंगाम काढला आणि मग अमेरिकेत ग्रेट फॉल्सला जाऊन ती संपलीच. गावही गेलं, शहरही गेलं.

दुसरं उदाहरण क्रॅनब्रुकचं. त्यावर जरा थांबते, कारण तुम्ही त्याचा एका ओळीत उल्लेख केलात आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरातलं जेमतेम वीस हजार वस्तीचं हे गाव. १९९८ मध्ये इथे कूटने आइस आली, तीही एडमंटनहून. गावाने ती एकवीस हंगाम सांभाळली. तीनदा लीग जिंकली आणि २००२ मध्ये तर मेमोरियल कपही. शेवटच्या काही वर्षांत गर्दी आटली होती, हेही खरं. २०१७ मध्ये टीम नव्या मालकांनी विकत घेतली आणि २०१९ मध्ये ती विनिपेगला नेली.

विनिपेगात तेव्हा काय होतं? २०११ मध्ये परत आलेले जेट्स होते, एएचएलचे मूस होते, आणि ते दोघं डाउनटाउनच्या ज्या रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या स्टेडियममध्ये, खेळतात ते जेट्सच्याच मालकांचं. आइसच्या वाट्याला आलं युनिव्हर्सिटी ऑफ मॅनिटोबाचं रिंक, ज्यात दीड-पावणेदोन हजार माणसं मावतात. शहराच्या कडेला साडेचार हजार खुर्च्यांचं नवं रिंक बांधू, असं टीम आणताना जाहीर झालं होतं. ते बांधलं गेलं नाही. आणि खेळ बघाल तर २०२१-२२ आणि २०२२-२३ या दोन्ही हंगामांत ही टीम अख्ख्या लीगमध्ये पहिली. मॅथ्यू सॅव्हॉय, कॉनर गीकी, झॅक बेन्सन अशी पोरं एकाच टीममध्ये. मे २०२३ मध्ये फायनलला सिएटलकडून हरली आणि जूनमध्ये विकली गेली. आता ती वॉशिंग्टन राज्यातल्या विनॅचीत खेळते.

आता यात जेट्सचा दोष किती? माझ्या मते फार थोडा. लोकांना दोन टीम परवडत नाहीत हे नेहमीचं कारण इथे लागूच होत नाही. दीड हजारांच्या रिंकमध्ये लोक आले तरी किती येणार? ज्युनियर टीमचा जीव तिकिटांवर, जर्सीवर आणि मधल्या सुट्टीतल्या खाण्यापिण्यावर असतो, आणि ते सगळं तिच्या हातात येतं ते रिंक हातात असेल तर. नाहीतर ती पोटभाडेकरू.

पटत नसेल तर एडमंटन बघा, कारण ऑइलर्स एनएचएलमध्ये आल्यावर तिथे हा प्रयोग एकाच शहरात, एकाच लीगने दोनदा करून पाहिलाय. पहिल्यांदा १९९६ मध्ये एडमंटन आइस. मालक कोण, तर एड चिनोवेथ. लीगचे अनेक वर्षांचे अध्यक्ष, ज्यांच्या नावाचा कप वॉरियर्सनी २०२४ मध्ये उचलला तेच. या माणसाइतकी ज्युनियर हॉकी कोणाला कळत असेल? पण त्यांची टीम ऑइलर्सच्या कोलिझियममध्ये नव्हे, ॲग्रिकॉम नावाच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये खेळली आणि दोन हंगामांत क्रॅनब्रुकला गेली. दुसऱ्यांदा २००७ मध्ये, ऑइल किंग्ज हे जुनंच नाव घेऊन. या वेळी मालक ऑइलर्सचेच आणि रिंकही ऑइलर्सचंच. ती टीम आजही आहे. तीनदा लीग जिंकली, २०१४ मध्ये मेमोरियल कप आणला.

ऑटावाची ज्युनियर टीम सिक्स्टी-सेव्हन्स तिथल्या एनएचएलच्या सेनेटर्सच्या मालकीची नाही, तरी टिकलीय. पण तिचं रिंक शहराच्या आत लॅन्सडाउनला आहे आणि सेनेटर्स लांब कनाटात. व्हँकुव्हर जायंट्स २००१ मध्ये सुरू झाले ते तिथल्या एनएचएल टीमने, कनक्सनी, सोडून दिलेल्या पॅसिफिक कोलिझियममध्ये, आणि २०१६ मध्ये लँगलीच्या पाचेक हजारांच्या रिंकमध्ये गेले. मालक निराळे असले तरी रिंकच्या तारखांसाठी मोठ्या टीमच्या तोंडाकडे बघायची वेळ दोघांवरही आली नाही. विनिपेगच्या आइसला मोठ्या टीमचे मालकही नव्हते आणि स्वतःचं पुरेसं रिंकही नव्हतं. म्हणून माझा राग एनएचएलवर नाही, रिंक उभं नसताना गावातून टीम हलवायला परवानगी देणाऱ्या लीगवर आहे.

आता तुमचा दुसरा मुद्दा, रिकाम्या तारखांचा. यात तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत. हिटमेन १९९५ मध्ये खेळायला लागले. पहिल्या मालकांत ब्रेट हार्ट होता. डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला तो वेगळा सांगायला नको, आणि टीमचं नावही त्याच्याच टोपणनावावरून आलंय. १९९७ मध्ये फ्लेम्सनी टीम विकत घेतली. तेव्हापासून ती फ्लेम्सच्या रिंकच्या, सॅडलडोमच्या, कॅलेंडरातली एक तारीख आहे, हे मान्य. एकोणीस हजारांच्या रिंकमध्ये रविवारी दुपारी खालच्या खुर्च्यांत लोक आणि वरचा मजला अंधारात, हे चित्र काही सुखाचं नाही. २००४-०५ मध्ये संपामुळे, खरं तर मालकांनी घातलेल्या टाळेबंदीमुळे, एनएचएलचा अख्खा हंगाम बुडाला, तेव्हा हिटमेनच्या मॅचला सरासरी दहा हजारांवर लोक आले. एनएचएल परतल्यावर त्यातले बरेचसे पांगले. मोठ्या भावाच्या सावलीत वाढणाऱ्याचं जे होतं तेच.

पण तारीख भरायला आणलेली टीम लोकांची होऊच शकत नाही, असं तुम्ही म्हणता, तिथे मी अडते. डिसेंबरातल्या टेडी बेअरच्या मॅचला एकदा या. हिटमेनचा पहिला गोल होईपर्यंत सगळा प्रेक्षक मांडीवर खेळणी घेऊन बसलेला. आपल्या गोलकीपरने चांगला शॉट अडवला तरी टाळ्या अर्ध्या मनाने, सगळ्यांचं लक्ष पलीकडच्या जाळीवर. पोरं दर हल्ल्याला अर्धवट उठतात, हात मागे नेतात, परत बसतात. मग गोल होतो आणि वरच्या मजल्यावरून, हो, त्या दिवशी तोही भरलेला असतो, अस्वलं कोसळायला लागतात. वरून टाकलेली खालच्या लोकांच्या डोक्यात पडतात, ते ती पुढे फेकतात. खेळाडू त्या ढिगात अंग टाकून देतात. मग स्वयंसेवक पिशव्या घेऊन बर्फावर उतरतात, सगळं गोळा होऊन ट्रकमध्ये जाईपर्यंत मॅच थांबलेली, आणि कोणाचीही तक्रार नाही. २ डिसेंबर २०१८ ला २९,९३५ खेळणी मोजली गेली. ती शहरातल्या संस्थांमार्फत मुलांकडे जातात. मालक कोण आहे याचा त्या वेळी तिथे कोणी विचार करत असेल असं मला वाटत नाही.

तरीही एक फरक मी नाकारत नाही. मूस जॉ, स्विफ्ट करंट, प्रिन्स अल्बर्ट, लेथब्रिज या टीम गावाच्या मालकीच्या आहेत. कोणी श्रीमंत माणूस उठून त्या दुसरीकडे नेऊ शकत नाही. क्रॅनब्रुककडे ते कवच नव्हतं. हिटमेनकडेही नाही. उद्या फ्लेम्सच्या हिशेबात ही टीम बसली नाही तर कॅल्गरीकरांना कोणी विचारणार नाही.

तिसरा मुद्दा पोरांचा. सोळा ते वीस वयाची मुलं, ६८ मॅचचा हंगाम, रात्र-रात्र बसचा प्रवास, परक्या कुटुंबाकडे राहणं, हातावर टेकवलेला भत्ता. किमान वेतनासाठी २०१४ मध्ये खेळाडूंनी दावे लावले ते काही उगाच नाही. बदल्यात एका हंगामामागे एका वर्षाची कॉलेज फी, हा लीगचा जुना वायदा. पण काका, यातलं काय मोठ्या शहरापुरतं आहे? भत्ता मूस जॉत जास्त मिळतो का? आणि गावाची टीम म्हणजे पोरं सुरक्षित, असं मानत असाल तर ग्रॅहम जेम्सचं नाव आठवा. त्याने शेल्डन केनेडीसारख्या मुलांचं लैंगिक शोषण केलं ते स्विफ्ट करंटला कोच असताना, आणि १९९७ मध्ये त्याला शिक्षा झाली तेव्हा तो नुकताच कॅल्गरी सोडून गेलेला हिटमेनचा पहिला कोच होता. गाव आणि शहर, दोन्ही ठिकाणी तोच माणूस. हा प्रश्न टीम कुठे आहे याचा नाही.

मुलांच्या हाती थोडी ताकद आली आहे ती वेगळ्याच बाजूने. ऑगस्ट २०२५ पासून या लीगमधून खेळलेल्या मुलांना अमेरिकेत एनसीएएच्या कॉलेज टीममधून खेळायची मुभा आहे. मेडिसिन हॅट या गावाच्या टीमने २०२५ मध्ये लीग जिंकली आणि त्यांचा गॅव्हिन मक्केना लगेच पेन स्टेटला गेला. असे आणखी जातील. त्यांना थांबवायचं तर पोरांना काय देता, हे मालकांना पहिल्यांदाच नीट सांगावं लागेल, मग ते गावातले असोत की एनएचएलचे.

शेवटी तुम्ही विचारलंत, पुढची टीम मी कुठे देईन. लीगने उत्तर दिलंच आहे: २०२५ मध्ये पेंटिक्टन, २०२६ मध्ये चिलिवॅक. दोन्ही लहान गावं, दोन्हीकडे रिंक आधीपासून उभं. चिलिवॅकची टीम २०११ मध्ये व्हिक्टोरियाला नेली होती, आता नवी मिळाली. माझ्या हातात असतं तर मी क्रॅनब्रुकला दिली असती. तिथलं चार हजार खुर्च्यांचं रिंक जागेवर आहे आणि २०२० पासून बक्स नावाची टीम बीसीएचएल या वेगळ्या ज्युनियर लीगमध्ये खेळते. फक्त या वेळी मालकी गावाची असावी ही अट घातली असती. विनिपेगला मात्र रिंकचं छप्पर चढल्याशिवाय एक पक सुद्धा पाठवला नसता.