सुई भेटली काय, मास्तर?

काल सकाळी चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसाने मला विचारलं, "सुई भेटली काय, मास्तर?" बाकावरचे चौघे आपापल्या कपात बघून हसले. म्हणजे उमरेडची गोष्ट माझ्याआधीच गावात पोचली होती.

गोष्ट क्रॉसची, म्हणजे गाडीखालच्या शाफ्टच्या सांध्यातल्या तुकड्याची. माझी जिप्सी 2007 ची, तेराशे सीसीची. क्लच सोडला की खालून 'टण्' व्हायचं. उमरेडच्या मिस्त्रीने खाली शिरून मागचा शाफ्ट हलवला आणि क्रॉस गेला म्हणून सांगितलं. दुकानात दोन क्रॉस होते, एक सातशेचा, एक साडेतीनशेचा. दिसायला जुळे भाऊ. मी साडेतीनशेचा घेतला.

कंजूष म्हणा. पण या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली ती 2022 च्या जुलैत, आणि नोंदणी पुढे चालू ठेवायची फी त्याच वर्षी 1 एप्रिलपासून सहाशेची पाच हजार झालेली. गाडी चार महिने आधी कागदावर चढली असती तर! ते चव्वेचाळीसशे मी अजून कुठून ना कुठून वसूल करतोय. विकून टाका, असं घरचे म्हणतात. मग श्रावणात पांदणीने शेतावर कशाने जायचं? काळी माती भिजली की मोटरसायकलचं चाक चिखलाने असं भरतं की पुढे ढकलता येत नाही न मागे ओढता येत नाही.

तर मिस्त्री क्रॉस ठोकत होता आणि शेजारी उलट्या डब्यावर एक आबाजी येऊन बसले. धोतर, टोपी, कापडी पिशवी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे. तेव्हापासून हे भिवापूरहून रोज उमरेडला येतात. काम काही नाही. म्हणून दुसऱ्याचं बघतात.

"काय झालं जी गाडीले?"

"क्रॉस गेला."

"कुठं गेला?"

"झिजला, आबाजी. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा असतो, तोच शाफ्ट. खड्ड्यात चाक वरखाली झालं की दांडा तिरपा होतो, तरी फिरत राहायला पाहिजे. म्हणून त्याच्या सांध्यात क्रॉस."

"म्हंजे गुडघा."

"हो, गुडघाच."

"माहे दोनी गेले. डॉक्टर म्हनते बदला, दोन लाख सांगते. तुमाले किती सांगतले?"

"साडेतीनशे."

आबाजी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "मंग रडून काहून राह्यले?"

मिस्त्री इतका हसला की हातोडी बाजूला पडली. क्रॉसच्या चार टोकांवर चार लोखंडी कप बसतात. तेवढ्यात लक्षात आलं की चौथ्या कपाचं लॉक खाचेत बसत नाही. कपात बारीक सुया गोलाकार उभ्या असतात, ग्रीसच्या भरवशावर. एखादी आडवी पडली की कप पूर्ण आत जात नाही. मिस्त्रीने कप बाहेर काढला आणि सगळ्या सुया मातीत.

आम्ही तिघे उकिडवे. आबाजींनी पिशवीतला कागद पसरला आणि मोजायला घेतलं. सतराला त्यांचा फोन वाजला. "उमरेडले आहो, कामात आहो," म्हणाले आणि पुन्हा एकपासून. शेवटी बाकीच्या कपांशी ताडून पाहिलं, तर एक सुई कमी.

"कंपनीनंच कमी टाकली असन," मी म्हणालो.

"कंपनी कायले टाकन कमी? तुमच्या पायाखाली गेली. मास्तर लोकाईचं ध्यान नसते खाली."

मी चपला झटकल्या, लोहचुंबक फिरवलं. त्यात दोन खिळे आणि बाटलीचं एक झाकण आलं. मिस्त्रीने तोडगा काढला: मागचा शाफ्ट काढून ठेवू, पुढच्या चाकांचे हब लॉक करू म्हणजे त्यांना ताकद मिळेल, फोर-व्हीलचा गियर टाका, पुढच्या चाकांवर घरी जाल.

"चारातले दोनच फिरतीन?" आबाजींनी विचारलं.

"होय."

"मंग स्कूटर का वाईट होती?"

दुकानदार म्हणाला, खोललेला माल परत घेत नाही. त्यात त्याचं काय चुकलं? पण म्हणताना त्याने वर पाहिलंसुद्धा नाही, याचा राग अजून आहे. दुसरा क्रॉस घेतला. पुन्हा साडेतीनशेचाच, कारण या वेळी सातशेचा घेतला असता तर मघाशी मी मूर्ख होतो हे सिद्ध झालं असतं. ग्रीस जास्त भरलं, लॉक 'टक्' करून बसलं, खडूची रेघ रेघेला जुळवून शाफ्ट चढला. टणटण थांबली.

आबाजी उठले, पिशवी उचलली, आणि चालताना त्यांच्या चपलेखाली काहीतरी कचकचलं. त्यांनी तळवा वर केला. ग्रीसमध्ये रुतलेली सुई.

"सापडली न! म्या म्हनतच होतो, इथंच हाय म्हून." त्यांनी ती नखाने उकरून माझ्या तळहातावर ठेवली, वर मूठ मिटवली. "ठेवा. कामी येते."

काय बोलणार? वय पाहून गप्प बसलो. वर संस्कार आडवे आले. म्हटलं, "चला आबाजी, भिवापूरपर्यंत सोडतो. माझ्या वाटेवरच आहे."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग खाली वाकून शाफ्टकडे पाहिलं.

"नाई जी. आपल्याले एसटी फुकट हाय."