पगार शिनोळीत, घर उचगावात आणि हात दोन्ही सरकारांचे आमच्याच खिशात

पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला ‘व्यवसाय कर – २०० रुपये’ अशी एक ओळ असते आणि फेब्रुवारीत तिथे ३०० चा आकडा येतो. अकरा महिन्यांचे २२०० आणि हे ३०० मिळून २५०० होतात, आणि एका माणसाकडून वर्षाला याहून अधिक व्यवसाय कर राज्याला घेता येत नाही, असे राज्यघटनेचे २७६ वे कलम सांगते, म्हणून ही फेब्रुवारीची शंभराची भर. घटनेने घातलेली मर्यादा इतक्या निष्ठेने, शेवटच्या रुपयापर्यंत गाठणारे सरकार इतर कलमांच्या बाबतीत मात्र एवढे तत्पर दिसत नाही. हा कर महाराष्ट्राचा आहे. मी मात्र राहतो कर्नाटकात, बेळगाव तालुक्यातील उचगावात, आणि रोज सकाळी सीमेवरचे बाची गाव ओलांडून चंदगड तालुक्यातील शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. आयकराबद्दल माझी तक्रार नाही. तो केंद्राचा आहे, पॅन एकच आहे, घर कुठे आणि कारखाना कुठे याने त्यात फरक पडत नाही. (नव्या करप्रणालीत व्यवसाय कराची वजावटही मिळत नाही, म्हणजे करापोटी गेलेल्या रकमेवरही पुन्हा कर, पण ते दुखणे देशभराचे आहे.) माझा राग आहे तो या दोन राज्यांवर, जी आमच्या भूमीसाठी भांडताना थकत नाहीत आणि आमच्याकडून वसुली करताना एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत.

कारखान्यातील आमच्या खात्यात बेळगावच्या पश्चिम भागातील खेड्यांतून येणारे कितीतरी कामगार आहेत. त्यांच्यापैकी कोणाचा पगार पंधरा हजार, कोणाचा अठरा हजार. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा पगार महिना दहा हजारांच्या वर गेला की वर्षाचे पूर्ण २५०० रुपये कापले जातात. स्त्रियांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत सूट मिळाली, ती योग्यच झाली. कर्नाटकाने मात्र त्याच वर्षीच्या एप्रिलपासून पंचवीस हजारांच्या आतील सगळ्यांनाच व्यवसाय करातून मोकळे केले. म्हणजे एकाच गल्लीतील दोन भाऊ सकाळी एकाच वेळी डबा घेऊन निघतात, एक बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जातो आणि दुसरा शिनोळीला, दोघेही त्याच कामाचे अठरा हजार घेतात, आणि दुसऱ्याचे वर्षाला अडीच हजार जातात, ते केवळ त्याची बस पश्चिमेकडे जाते म्हणून. अठरा हजारांच्या माणसाला अडीच हजार म्हणजे मुलाच्या वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च आहे. आणि हा कर महाराष्ट्राने १९७५ साली बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. उचगावच्या माणसाने पलीकडच्या रोजगार हमीसाठी पैसे द्यायचे, पण त्याचे रेशनकार्ड कर्नाटकाचे असल्यामुळे त्या हमीवर त्याचा हक्क शून्य!

माझ्या बाबतीत तर दोन्ही बाजूंनी टाच आहे. बेळगावच्या शहापुरातील वडिलांचे लहानसे दुकान माझ्या नावावर आले, त्याची जीएसटी नोंदणी आहे, म्हणून कर्नाटकाचे वेगळे २५०० रुपये मी भरतो. घटनेतील मर्यादा माणसामागे आहे खरी, पण ती एकेका राज्यापुरती. माणूस एक असला तरी राज्ये दोन, म्हणून भुर्दंड दुप्पट. हे कायदेशीर आहे हे मला ठाऊक आहे. माझा संताप नेमका ते कायदेशीर असण्याबद्दलच आहे.

पण व्यवसाय कर परवडला, असे वाटायला लावणारी खरी डोकेदुखी म्हणजे गाडी. नोकरीच्या सुरुवातीला मी पलीकडेच भाड्याने राहत होतो, तेव्हा गाडी घेतली ती साहजिकच महाराष्ट्राच्या नोंदणीची. दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात अकरा टक्के एकरकमी कर आहे. तो मी तोंडातून चकार शब्द न काढता भरला. पुढे आईची तब्येत बिघडली आणि मी घरी परतलो. मोटार वाहन कायद्याचे ४७ वे कलम सांगते की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिची तिथे नव्याने नोंद करावी लागते. आता ही गाडी नेमकी कुठे ‘ठेवलेली’ आहे, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. दिवसभर ती शिनोळीत कंपनीच्या आवारात उन्हात तापत असते आणि रात्री उचगावात आमच्या दारात असते. बारा महिने मोजायचे ते दिवसांचे की रात्रींचे?

रस्त्यावर अडवणाऱ्याला असले प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून मी बेळगावच्या आरटीओत रीतसर चौकशीला गेलो. खिडकीमागच्या साहेबांनी माझे कागद एकेक करून टेबलावर मांडले, आधारावर बोट ठेवले, मग आरसीवर, मग कंपनीच्या पत्रावर, आणि म्हणाले, “आधार हितलं, गाडी तिथली, नोकरी तिथली. तुम्ही नेमके कुठले ओ?” मागे रांगेतले लोक हसले. मला हसू आले नाही, कारण पुढची यादी ऐकायची होती. कर्ज फिटले नसेल तर आधी बँकेचे ना-हरकत पत्र, मग ज्या कार्यालयात गाडीची नोंद आहे तिथून एनओसी, मग इथे गाडीची तपासणी, मग कर्नाटकाचा आजीवन कर. तो नव्या गाडीला पाच ते दहा लाखांच्या किमतीवर चौदा टक्के आणि वर अधिभार; जुनी गाडी असेल तर वयानुसार कमी, पण तो कमी केलेला आकडाही पोटात गोळा आणणारा असतो. हे सारे भरून झाले की नव्या आरसीची प्रत जोडून महाराष्ट्राकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागायचा. आधी इथे पूर्ण भरा, मग तिथे मागत फिरा. एकाच देशातील दोन खात्यांनी आपसांत करायचा हिशेब मी रजा टाकून, झेरॉक्स काढून, एजंटाच्या हातावर नोटा ठेवून करायचा! राज्य बदलले तरी नव्याने नोंद करावी न लागणारा भारत मालिकेचा म्हणजे बीएच नंबर घ्यायचा सल्ला देणारेही भेटतात, पण खासगी नोकरदाराला तो मिळायचा तर त्याच्या कंपनीची कार्यालये किमान चार राज्यांत असावी लागतात, आणि आमच्या मालकांचा एकमेव कारखाना शिनोळीत आहे.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवतो. माझा एक वर्गमित्र जर्मनीतील ल्योराख या सीमेवरच्या गावात राहतो आणि रोज स्वित्झर्लंडमधील बाझेलला कामाला जातो. ते दोन वेगळे देश आहेत, चलन वेगळे, आणि स्वित्झर्लंड तर युरोपीय संघातही नाही. तरीही रोज घरी परतणाऱ्या अशा सीमेवरच्या नोकरदारांसाठी त्या दोन देशांच्या करारात स्वतंत्र तरतूद आहे. काम जिथे आहे त्या देशाने पगारातून साडेचार टक्क्यांपेक्षा अधिक कर कापायचा नाही, बाकीचा कर माणूस राहतो त्या देशाने घ्यायचा, आणि तिकडे कापलेली रक्कम इकडच्या करातून वजा करायची. त्यासाठी तो आपल्या कर कार्यालयाचा रहिवासाचा एक दाखला कंपनीत देतो. कामामुळे वर्षात साठाहून अधिक दिवस घरी परतता आले नाही तर सवलत जाते, एवढाच काय तो जाच. आपल्या भारत सरकारनेही नव्वदहून अधिक देशांशी दुहेरी कर टाळण्याचे करार केलेले आहेत. जर्मनीत भरलेला आयकर बेळगावच्या माणसाला इथे वजा करून मिळू शकतो. शिनोळीच्या हद्दीत भरलेला वाहनकर मात्र काही कोसांवरच्या उचगावात कवडीमोल ठरतो. आयकर आणि वाहनकर वेगळे, वाहनकर हा राज्यसूचीतील विषय, वगैरे मला कोणी शिकवू नये. जे दोन परक्या देशांना जमते ते एका देशातील दोन राज्यांना का जमू नये, एवढेच मी विचारतो आहे.

न जमण्याचे कारण उघड आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावे महाराष्ट्रात आणण्याचा ठराव केला, तिकडे कर्नाटकाने एक इंचही जमीन देणार नाही असा ठराव केला, आणि त्याच महिन्यात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या ट्रकांवर दगड पडले. सर्वोच्च न्यायालयातील सीमावादाचा दावा २००४ पासून चालू आहे. ठरावांत आमची गावे असतात, भाषणांत आमची अस्मिता असते, पण या दोन सरकारांच्या मंत्र्यांनी बसून सीमेवरून रोज ये-जा करणाऱ्यांच्या कराचा प्रश्न सोडवला, असे कधी कानावर आले नाही. आणि महाराष्ट्राच्या मते माझे गाव महाराष्ट्राचेच असेल, तर त्याने निदान या गावच्या कामगाराला पंचवीस हजारांपर्यंतची सूट तरी द्यावी. कर्नाटकाच्या मते मी शंभर टक्के कर्नाटकाचा असेन, तर त्याने आपल्या माणसाने शेजारी भरलेला कर हिशेबात धरावा आणि फरकाची रक्कम तेवढी घ्यावी. कंपनीचे पत्र, हजेरीचा उतारा, घरपट्टीची पावती, काय हवे ते घ्या. परताव्याची देवाणघेवाण दोन्ही परिवहन खात्यांनी परस्पर करावी. गाड्यांच्या नोंदीची संगणकप्रणाली दोन्ही राज्यांत ‘वाहन’ या एकाच नावाने चालते, मग माझा कर त्यांना तिथे दिसत नाही असे थोडेच आहे?

आमदाराकडे जाण्याचा सल्लाही ऐकून झाला. इकडच्या आमदाराला माझे मत हवे आहे, पण माझ्या पगारातला कर त्याच्या सरकारकडे जात नाही. तिकडच्या आमदाराच्या सरकारकडे माझा कर जातो, पण त्याच्या मतदारयादीत माझे नाव नाही. त्यामुळे दोघांच्याही दृष्टीने माझी तक्रार ही दुसऱ्याच्या मतदारसंघातली असते.