निरोप कुठे ठेवू?

भाचीला व्हॉट्सॲपवर दोनदा विचारलं, "दिवाळीला कधी येतेस?" चार दिवस उत्तर नाही. शेवटी फोन केला तर म्हणते, "मावशी, टेलिग्रामवर टाकायचं ना!" ती पुण्यात एमपीएससीची तयारी करते आणि तिचं सगळं जग तिकडे आहे. चालू घडामोडींच्या पीडीएफ, सराव प्रश्नांची चॅनल, निकालाच्या अफवा. व्हॉट्सॲपचा ग्रुप १०२४ जणांवर थांबतो, टेलिग्रामचा दोन लाखांपर्यंत जातो. शिवाय ग्रुपमधल्या अनोळखी पोरांपासून आपला नंबर लपवता येतो. मुलींना त्याचंच मोल जास्त, हे तिचंच म्हणणं.

दादाचा मुलगा न्यू जर्सीत. त्याच्या ऑफिसातली मंडळी फोनमधल्या साध्या मेसेजवरच बोलतात. तिकडे एसएमएस फार लवकर महिन्याच्या बिलातच अमर्याद मिळू लागले, मग वेगळं ॲप शोधणार कोण?

आपल्याकडे काय होतं, आठवतं? ब्लॅकआउट डे! एरवी एसएमएसचा पॅक चालायचा, पण दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला नेमका बंद. म्हणून आम्ही आदल्या रात्रीच शुभेच्छा उरकायचो. त्यात २०११च्या सप्टेंबरात ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहिरातींचा त्रास थांबवायला दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली. पुढे ती २०० केली. ओलं जळलं सुक्याबरोबर. त्याच सुमारास व्हॉट्सॲप हातोहात पसरत होतं. लोक म्हणतात आपल्याला व्हॉट्सॲप आवडलं. मला विचाराल तर आपण त्या एसएमएसच्या पैशांना वैतागलो होतो. तेव्हा दारात दुसरं कुणी उभं असतं, तर त्यालाही आत घेतलं असतं. जपानमध्ये २०११च्या मार्चमधल्या भूकंपानंतर तीन महिन्यांत 'लाइन' नावाचं मेसेजचं ॲप आलं, आणि तिथे आजही त्याचंच राज्य आहे.

धाकटे दीर दुबईत. त्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, पण तिथल्या नियमांमुळे कॉल लागत नाही. म्हणून सासूबाईंच्या फोनमध्ये बोटिम हे कॉलचं ॲप आहे. त्या त्याला "दुबईचा फोन" म्हणतात. दुसऱ्या कुणाला त्यावरून फोन लावता येतो, हे त्यांना पटतच नाही.

आणि आमची सोसायटी! जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवरून गदारोळ झाला, तेव्हा आम्ही वाजतगाजत सिग्नल या दुसऱ्या ॲपवर गेलो. आठवड्याभरात "आज पाणी दहालाच बंद" हा निरोप तिकडे पडला आणि अर्धी सोसायटी अंगाला साबण लावून बसली. टँकरवाला, इस्त्रीवाला, कामाच्या मावशी, सगळे व्हॉट्सॲपवरच होते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं! पंधरा दिवसांत आम्ही गुपचूप परत. सिग्नलला मी नावं ठेवत नाही. खासगीपणा जपण्यात ते उजवंच आहे. पण टँकरवाला नसलेल्या ठिकाणी मी खासगीपणे काय बोलू?

२०२५मध्ये झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टई ॲपची हवा झाली. तमिळमध्ये अरट्टई म्हणजे गप्पा. सेक्रेटरींनी त्याच दिवशी ग्रुप काढला. अजून तिथे तिघंच आहोत: ते, त्यांच्या सौ. आणि मी. परवा वहिनींनी विचारलं, "कुणी आहे का इथे?"

मी अंगठा दाखवला.