एक्सएलबीकडे बघून टाटा स्टील विकू नका

पुण्या-मुंबईच्या गुंतवणूकदारांमध्ये हल्ली एक युक्तिवाद फार चालतो. अमेरिकेच्या मटेरियल्स ईटीएफमधून (कच्चा माल बनवणाऱ्या कंपन्यांच्या, शेअरसारखा बाजारात विकला जाणाऱ्या फंडातून) पैसा बाहेर पडतोय, म्हणजे मोठ्या लोकांचा धातूंवरचा विश्वास उडालाय, तेव्हा निफ्टी मेटलमधून, म्हणजे टाटा स्टीलसारख्या भारतीय धातू शेअरमधून, वेळीच निघा. ज्या फंडाचा हवाला देतात तो स्टेट स्ट्रीटचा एक्सएलबी, 1998 च्या डिसेंबरपासून चालू, खर्च वर्षाला 0.08 टक्के. त्यातल्या शेअरची यादी फंडाच्या संकेतस्थळावर रोज बदलून येते आणि फुकट मिळते. ती उघडायची तसदी न घेता लोक घरचे शेअर विकतात, याचा मला संताप येतो.

यादीत सगळ्यात वर लिंडे आहे. ही कंपनी धातू विकत नाही. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन विकते. रिफायनरीच्या किंवा पोलाद कारखान्याच्या कुंपणाला लागून प्लांट उभारायचा आणि 15-20 वर्षांचा करार करायचा. ग्राहकाने वायू उचलला नाही तरी ठरलेली किमान रक्कम तो देतो, वीज महागली तर वाढीव खर्च त्याच्याच बिलात जातो. तांबं आज पडलं म्हणून या कराराचं काही बिघडत नाही. यादीत वरच्या भागात शेर्विन-विल्यम्सही आहे, म्हणजे रंग. रंग खपतो तो घरं विकली-घेतली जातात तेव्हा. 2021 च्या आसपास ज्यांनी 3 टक्क्यांच्या आगेमागे मॉर्गेज (गृहकर्ज) घेतलं, ते आता दुप्पट दराने नवं कर्ज काढून घर बदलायला तयार नाहीत, म्हणून रंगाची मागणी अडते. आपल्याकडे एशियन पेंट्स कन्झ्युमर ड्युरेबल्समध्ये मोडतो, मेटलमध्ये तो शोधायचं कुणाच्या मनातही येत नाही.

खडीचं तर वेगळंच आहे. व्हल्कन आणि मार्टिन मारिएटा या दोन कंपन्या दगड फोडून विकतात. खडी जड आणि स्वस्त, त्यामुळे ट्रकने थोडं लांब नेली की वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीच्या वर जातो. नवीन खाणीला परवानगी मिळवताना वर्षानुवर्षं जातात, कारण शेजारच्या वस्तीला धूळही नको असते आणि सुरुंगही. म्हणून ज्याच्याकडे शहराजवळ जुनी खाण आहे, तो मागणी घटली तरी भाव वाढवू शकतो. खडीला चीनची स्पर्धा नाही, टॅरिफचा (आयात शुल्काचा) धाक नाही. तिचं नशीब अमेरिकेच्या 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याच्या पैशावर आणि राज्यांच्या रस्ते-बजेटवर ठरतं. यातून टाटा स्टीलबद्दल काय कळणार?

खरा धातू म्हणजे न्यूमाँटचं सोनं, फ्रीपोर्टचं तांबं, न्यूकॉरचं पोलाद. सोनं चढतं ते लोक घाबरल्यावर, तांबं चढतं ते कारखाने जोरात असताना. दोन्ही एकाच फंडात. सप्टेंबर 2025 मध्ये इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीत चिखलाचा लोंढा घुसला आणि फ्रीपोर्टचा शेअर एका दिवसात 15 टक्क्यांहून जास्त कोसळला. अशा शेअरचं वजन 5 टक्के धरलं, तर फंडावर परिणाम जेमतेम पाऊण टक्का.

आता 'पैसा बाहेर पडतोय' या आकड्याकडे येऊ. काल युनिटं किती होती, आज किती आहेत, त्या फरकाला एनएव्हीने (एका युनिटमागच्या मालमत्तेच्या किमतीने) गुणलं की ओघ, म्हणजे फंडात आलेला-गेलेला पैसा, निघतो. आपण बाजारात युनिट विकतो तेव्हा दुसरा कुणीतरी घेतो, संख्या तीच राहते. नवी युनिटं काढायची वा मोडायची ती मोठ्या दलाल संस्थांनी, 50,000 च्या गठ्ठ्यांत, बहुतेक वेळा रोखीऐवजी शेअर देऊन-घेऊन. फंडाची मालमत्ता घटली म्हणजे पैसा गेला असंही नाही, भाव पडले तरी ती घटतेच.

मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी निर्देशांकाची फेररचना होते. त्या सुमारास फंडांमध्ये मोठी रक्कम येते आणि दोन-तीन दिवसांत तितकीच निघून जाते. ती काढून घेणाऱ्या दलाल संस्थेला फंड रोखीऐवजी नको असलेले शेअरच हातात देतो, त्यामुळे फंडावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. कर वाचवण्याची ही खेळी भारतात 'पळापळ' म्हणून वाचली जाते. शॉर्टचंही (उसनं घेऊन आधी विकण्याचंही) तेच. फ्रीपोर्ट घेतलेला हेज फंड क्षेत्राची जोखीम काढून टाकायला एक्सएलबी शॉर्ट करतो, म्हणजे तो तांब्यावर तेजीतच असतो.

ओघ वाचायचाच असेल तर 20 सत्रांची बेरीज घ्यावी, फेररचनेचा आठवडा वगळावा आणि मालमत्तेने भागावं. उत्तर एक-दोन टक्क्यांच्या आत असेल तर मी त्याची दखल घेत नाही.

घरच्या धातूंचा मूड घरीच ठरतो. 21 मे 2022 ला केंद्राने पोलादावर 15 टक्के निर्यात शुल्क लावलं, 23 तारखेला निफ्टी मेटल 8 टक्क्यांहून अधिक पडला. त्याच दिवशी अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक पावणेदोन टक्क्यांहून जास्त वर होता. एप्रिल 2025 मध्ये आयात होणाऱ्या सपाट पोलादावर 12 टक्के हंगामी सेफगार्ड ड्युटी (देशी कारखान्यांना संरक्षण देणारं शुल्क) लागली, तीही दिल्लीतूनच. गुंतवणूकदारांचा उतावीळपणा बघायचा असेल तर ईटीएफचा बाजारभाव आणि आयएनएव्ही (दिवसभर मोजली जाणारी एनएव्ही) शेजारी ठेवावेत. ऑक्टोबर 2025 मध्ये चांदीच्या ईटीएफचे भाव मूळ किमतीच्या बरेच वर गेले, काही फंड हाऊसेसनी चांदीच्या एफओएफमध्ये (ईटीएफमध्ये पैसे लावणाऱ्या फंडांमध्ये) एकरकमी पैसे घेणं थांबवलं. मेटल ईटीएफमध्ये व्यवहार पातळ असतात, तिथे मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकूच नये. आयएनएव्हीच्या जवळची लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) टाकावी, आणि पहिली पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. माझ्यासारख्या अमेरिकेत कर भरणाऱ्याला भारतातला ईटीएफ घेणं जवळपास बंदच आहे. तो पीएफआयसी (अमेरिकी करकायद्यातली परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतो, दर फंडामागे फॉर्म 8621 हा कर-अर्ज, आणि नफ्यावर सर्वांत वरचा दर अधिक मागच्या वर्षांचं व्याज. त्यामुळे ज्या बाजाराची भाषा मला सगळ्यात जवळची, त्याचा फंड मी घेत नाही. सल्ला देतो तो काचेपलीकडून, हे मला कळतं आणि बोचतं.

उलट दिशेने, म्हणजे भारतातून अमेरिकी फंड घ्यायला, येणाऱ्यांनीही हिशोब करावा. एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून) वर्षाला 2,50,000 डॉलर पाठवता येतात, 10 लाख रुपयांपुढे 20 टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापला जातो, तो नंतर विवरणपत्रात वळता होतो. डिव्हिडंडवर इथे अमेरिकेत 25 टक्के कर जातो. आणि भारतात राहणाऱ्याच्या नावावर 60,000 डॉलरहून जास्त अमेरिकी मालमत्ता असताना मृत्यू झाला, तर वरच्या रकमेवर इथला इस्टेट टॅक्स (वारशाच्या मालमत्तेवरचा कर) लागतो, 40 टक्क्यांपर्यंत. एक्सएलबीची युनिटं त्यात धरली जातात.