चिकाचा हलवा आणि पर्यवेक्षक मंडळ

भर पावसाळ्यात आमच्या घरातून भिजल्या गव्हाचा आंबूस वास यायला लागला की मजल्यावरचे लोक हल्ली दचकत नाहीत. पूर्वी विचारायचे, "या दिवसांत कुरडया? अहो, वाळणार कुठे?" मग आई दारात उभी राहून समजावून सांगायची, की कुरडया नाहीत, आमचा नव्याचा सण आलाय, गव्हाच्या चिकाचा हलवा करायचाय. समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणत लिफ्टमध्ये शिरायचा आणि खाली जाऊन वॉचमनला सांगायचा की तिसऱ्या मजल्यावर कुरडया घातल्यात.

आम्ही बेने इस्राएली. म्हणजे मराठी बोलणारे, अलिबागकडच्या गावाच्या नावापुढे 'कर' लावणारे यहुदी. कोकणात आमच्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून. आज भारतात आम्ही उरलो चार-पाच हजार. त्यामुळे रजेचा अर्ज घेऊन गेलं की ऑफिसात दरवर्षी नव्याने ओळख करून द्यावी लागते.

"नवीन वर्ष? सप्टेंबरमध्ये?"

"हो. रोश हशाना. ५७८६ लागतंय."

"पण तुमचं आडनाव तर..."

"हो."

त्यात आमच्या पंचांगाने नोकरदार माणसावर खास राग धरलेला आहे. रोश हशाना रविवारी येत नाही. येतच नाही. रविवार, बुधवार आणि शुक्रवार हे तीन वार तिश्री महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवशी, वर्ज्य आहेत, तसा नियमच आहे, आणि तसं होऊ नये म्हणून गरज पडेल तेव्हा वर्षाची लांबी एखाद-दोन दिवसांनी कमी-जास्त करतात. ज्या विद्वानांनी हा हिशेब बसवला त्यांना कधी रजेसाठी साहेबासमोर उभं राहावं लागलं नसणार.

पंचांगाची दुसरी गंमत म्हणजे आपल्यासारखंच तेही चंद्रावर चालतं आणि आपल्यासारखाच त्यालाही अधिक महिना लागतो. १९ वर्षांत सात. त्यामुळे आमचा सण अमावास्येच्या आगेमागे येऊन पडतो तो एक तर गणपतीच्या तोंडावर, नाही तर नवरात्राच्या. २०२३ साली तो १६ सप्टेंबरला होता आणि गणपती १९ ला. आता हलव्याला लागतात नारळ, मोदकाला लागतात नारळ, आणि नारळवाल्याला दोन्ही धर्मांबद्दल सारखाच आदर. त्याने भाव जो चढवला, तो चढवताना भेदभाव म्हणून केला नाही.

नारळ का, तर जेवणात मटण असतं. मटणाच्या पंगतीत आम्हाला दूध, तूप, खवा काही चालत नाही. म्हणून जिथे बाकीचं जग दूध ओततं तिथे आम्ही नारळाचं दूध ओततो. आमच्या थोरल्या आत्याचं म्हणणं असं, की हलव्याची कृती आपले पूर्वज येताना गलबतातून घेऊन आले. आख्यायिका अशी आहे की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्यापुस्तकं बुडाली, प्रार्थनांपैकी आठवणीत राहिली ती एक 'शमा'. एवढं सगळं बुडालं आणि हलव्याची कृती तेवढी तरली, यावर माझा विश्वास बसत नाही. नारळ काय इस्राएलमधल्या गालीलच्या डोंगरात लागतात? पण हे आत्यासमोर बोलायची सोय नाही. ती म्हणते, "मग शमा तरी कशी तरली?" आणि वाद तिथे संपतो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, सण सोमवारी संध्याकाळी बसणार होता. चिकासाठी गहू तीन दिवस भिजले पाहिजेत आणि रोज पाणी बदललं पाहिजे. उलटं मोजत गेलं की गहू शुक्रवारी भिजणार, शनिवारी पाणी बदलायला येणार. आणि शनिवारी तर शब्बाथ, काम न करण्याचा आमचा दिवस. पाणी बदलणं हे काम धरायचं की नाही, यावर शुक्रवारी सकाळपासून फोन सुरू झाले. धाकटी काकू म्हणाली, नळ सोडणं काम नाही. आई म्हणाली, गाळणं काम आहे. माझ्या मुलाने मध्येच विचारलं, की पाणी आपोआप बदलेल असा पाइप लावून ठेवला तर? त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं, पण दोघांनी जरा विचार केलेला दिसला. शेवटी आत्याने निकाल दिला: शनिवारी शब्बाथ सुटल्यावर बदला.

शब्बाथ सुटतो आकाशात तीन तारे दिसल्यावर. सप्टेंबरात, ठाण्यात, वर गच्च आभाळ. कॅलेंडरात वेळ मिनिटासकट छापलेली असते, तरी आत्या गॅलरीत उभी. "एक दिसला." "आत्या, ते विमान आहे." अखेरीस कॅलेंडरवर काम भागलं, पण तोवर गव्हाने आपलं म्हणणं अख्ख्या मजल्यावर पोचवलं होतं.

रविवारी वाटण. आजीच्या काळी पाटा होता. आता मिक्सर आहे आणि तो प्रत्येक घाण्यानंतर गरम होऊन बसतो. वाटलेला गहू पातळ फडक्यात घालून पिळायचा. हे काम घरातल्या पुरुषांचं, कारण मनगटं. फडक्यातून पांढरं पाणी येतं, परत पाणी घालायचं, परत पिळायचं, चोथ्यात काही उरलं नाही अशी आपली खात्री झाली की आत्या तोच चोथा हातात घेऊन आणखी पाव वाटी काढून दाखवते. रात्रभर ते पातेलं हलवायचं नाही. त्याच्या शेजारून जातानासुद्धा आम्ही पाय न वाजवता जातो. सकाळी वरचं पिवळसर पाणी हळूच ओतून टाकलं की तळाला घट्ट, पांढराशुभ्र चीक. त्यात बोट घातलं तर बोट आत जाईना, आणि सोडवायला गेलो तर सुटेना. कुरडया करणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

इथे धाकट्या काकूचं दुसरं मत येतं. ती चायना ग्रास घालून हलवा करते. तासाभरात होतो, सुरेख थरथरतो, कापला की चौकोन सुटे निघतात. बेने इस्राएलींच्या निम्म्या घरांत हल्ली तसाच होतो आणि मला, खरं सांगायचं तर, तो आवडतो. आत्याच्या दरबारात मात्र त्याची नोंद हलवा म्हणून नाही, जेली म्हणून आहे. बाजारात तयार चिकाची पाकिटं मिळतात, हे तिला कुणी अजून कळू दिलेलं नाही.

सोमवारी सकाळी जाड बुडाच्या मोठ्या टोपात चीक, नारळाचं दाट दूध, साखर, चिमूटभर मीठ आणि थोडा गुलाबी रंग एकत्र झालं आणि कालथा माझ्या हातात आला. पहिला अर्धा तास काहीच होत नाही. पातळ गुलाबी पाणी ढवळत उभं राहायचं. माणूस बेसावध होतो. मग अचानक, अक्षरशः चार ढवळण्यांत, तळाशी गुठळी धरते, आणि तिथून पुढे थांबलं की लागलं. टोप धरायला एक माणूस लागतो, नाही तर कालथ्याबरोबर टोपच फिरतो. दाटपणा वाढला की बुडबुडे फट्‌ फट्‌ फुटतात आणि नेमके मनगटावर उडतात. हात बदलायचा तर बदलणाऱ्याने कालथा चालता असतानाच पकडायचा.

पण खरा ताप घोटण्याचा नाही. घोटणं हे नुसतं श्रमाचं काम आहे. श्रमाने माणूस मरत नाही. ताप आहे तो भोवतीच्या पर्यवेक्षक मंडळाचा. घोटणारा एक आणि बघणारे सहा. त्यातले चार जण ओट्याभोवती, आत्या खुर्ची टाकून दारात, आणि सहावे इस्राएलमधल्या अश्दोदचे काका, मसाल्याच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये. आपल्याकडे अकरा वाजले की त्यांच्याकडे साडेआठ. ते चहा घेत बसलेले.

"आच मोठी झाली."

"बारीक झाली."

"तळाशी घास, तळाशी. वरवर काय कुरवाळतोयस?"

"माझ्या वेळी आम्ही उलटा घोटायचो," अश्दोदहून आवाज आला. काका तिकडे गेल्यापासून डब्यातलं नारळाचं दूध आणि कॉर्नफ्लोअर वापरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण समुद्रापलीकडून आलेल्या सूचनेला वजन असतं, म्हणून मला दहा मिनिटं उलटं घोटायला लावलं.

हलवा झाला कधी, हे कुठे लिहिलेलं नाही. आई म्हणते टोपाच्या कडा सुटल्या की झाला. काकू म्हणते गोळी पाण्यात टाकून बघ. काका म्हणतात कालथा उभा राहिला पाहिजे. आत्याची कसोटी एकच: नारळाचं तेल सुटलं पाहिजे. दूध आटत जातं, आटत जातं आणि शेवटी कडेने तेलाची चकाकी दिसायला लागते. तेली लोकांना दुसरी कुठली कसोटी पटणार? अडचण अशी की मला तेल दिसत होतं, आईला दिसत होतं, शेजारच्या खोलीतल्या मुलाला वास येत होता, पण आत्याचा चष्मा वाफेने धूसर झाला होता आणि ती म्हणत होती, "अजून नाही. अजून थोडं घोट." चष्मा पुसून देतो म्हटलं तर म्हणाली, "तू हात थांबवू नकोस."

अधूनमधून ती डोळे मिटून एलियाहू हन्नाबीला, म्हणजे आमच्या प्रेषित एलियाला, नवस बोलत होती, की हलवा जमू दे, मलिदा करीन. आमच्याकडे एलियाहू हन्नाबी लग्न, बाळंतपण, व्हिसा, नोकरी सगळ्यासाठी धावून येतात आणि बदल्यात पोहे, गूळ, ओलं खोबरं नि फळांच्या मलिद्यावर समाधान मानतात. हलव्याच्या तेलासाठी त्यांना बोलावणं मला अति वाटलं. पण पाचेक मिनिटांत आत्याला तेल दिसलं, त्यामुळे बोलायला तोंड उरलं नाही.

वेलची, जायफळ घालून टोप परातीत उलटला, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबले. मुलांना टोप खरवडायला मिळाला. संध्याकाळी शार हशामाइमला नमाजला गेलो; प्रार्थनेला आमच्याकडेही हाच शब्द. ठाण्याचं हे सिनेगॉग १८७९ चं. बाहेर उभ्या पुरुषांचं बोलणं ऐकलं तर धर्माचं काही कानावर पडलं नाही. "तुमचा कसा झाला?" "जरा मऊच राहिला." "आमचा दगड झालाय." प्रत्येकाच्या मनगटावर लाल ठिपके.

रात्री ताटात मधात बुडवलेलं सफरचंद, खजूर, भोपळा, डाळिंब, आणि माशाचं डोकं. येत्या वर्षी आपण डोकं व्हावं, शेपूट होऊ नये, ही त्यामागची प्रार्थना. आमच्या घरात डोक्याची जागा भरलेली आहे आणि ती दारात खुर्ची टाकून बसते. पण म्हणायला आम्ही सगळे मोठ्याने म्हणतो. मग हलवा आला. शंकरपाळ्यासारखे काप, गुलाबी, कडेला तेलाची बारीक झाक. अश्दोदच्या काकांना फोनमधून दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "उलटा घोटला म्हणून."

वाटायचं काम माझ्या बायकोकडे. सकाळी डबे घेऊन ती मजल्यावर निघाली आणि पाच मिनिटांत डब्यांसकट परत आली. सोमवारी, २२ तारखेला, घटस्थापना झालेली. समोरच्या काकूंचा दसऱ्यापर्यंत उपास. गहू चालत नाही. त्यांच्या पलीकडच्यांचा तर एकभुक्त. काकूंनी डबा मात्र ठेवून घेतला. "असू दे गं, फ्रिजमध्ये ठेवते. उपास सुटला की खाईन." साबुदाण्यावर दिवस काढणाऱ्या बाईने रोज फ्रिज उघडायचा आणि गुलाबी हलव्याकडे बघून बंद करायचा, हे मला काही बरं वाटेना. आत्याला वाटलं. म्हणाली, "मुरेल."

त्यांचा उपास सुटला २ ऑक्टोबरला. दसरा, गांधीजयंती, आणि त्याच दिवशी आमचा किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. गांधीजींच्या कृपेने मला एका सणाची रजा न मागता मिळाली. पण किप्पूर म्हणजे आदल्या संध्याकाळपासून कडकडीत उपास, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पांढरे कपडे घालून आम्ही सकाळी सिनेगॉगला निघालो, दार उघडलं, तर समोर काकू, केसांत झेंडूचं फूल आणि हातात आमचाच डबा, श्रीखंडाने काठोकाठ भरलेला. केशराचा वास. आत्याने नाकाला पदर लावला.

"आज आमचा उपास, काकू," बायको म्हणाली. "संध्याकाळी सोडू तेव्हा खाऊ."

"अगंबाई! माझा सुटला आणि तुमचा लागला? राहू दे मग फ्रिजमध्ये." काकू हसल्या. "आणि हो, हलवा खाल्ला हं सकाळी. चव छान होती. फक्त एक सांगू? राग नको धरूस."

मी चपला घालायचा थांबलो.

"आमच्याकडे कुरडयांचा चीक शिजवतात ना, त्यावरून कळतं मला. अजून एक दहा मिनिटं घोटायला हवा होता."

आत्या सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती. उपासाला ती बोलत नाही. तिने काकूंचा हात धरला, त्यांना दारातल्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी हलव्याला तुम्ही सकाळी दहालाच या."